शेजारच्या सीटवरून

बेटावरून परतायच्या बोटीसाठी गाड्यांची रांग लागली होती. माझ्या पुढच्या गाडीच्या काचा खाली होत्या. स्टिअरिंगवर साठीच्या बाई, शेजारी त्यांचा नवरा.

"अहो, सारखा पाय काय दाबताय? तुमच्याकडे ब्रेक नाहीये."

"सवय गं. एकतीस वर्षं याच रस्त्यावर बस चालवली."

"म्हणून दर वळणाला मला शिकवत होतात. दीपगृहापाशी मात्र एकदम गप्प! मला वाटलं, परत छातीत दुखतंय की काय."

"छे! बघत होतो."

"काय?"

"खालचा समुद्र. प्रवासी तिथे हटकून 'अहाहा' करायचे. मी आपला आरशात त्यांची तोंडं बघायचो."

"इतक्या वर्षांत एकदाही नाही पाहिलात?"

"चाळीस माणसं पाठीशी, आणि ते वळण. मान कशी वळवणार?"

"डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली, तर आठवडाभर तोंड फुगवून बसलात. मी क्लास लावला, तर हसलात."

"चुकलं."

"काय म्हणालात? जरा मोठ्याने."

"चुकलं म्हटलं! छान चालवतेस. वळणावर घाई करतेस, पण छान."

"असू दे, असू दे."

"ऐक ना, संध्याकाळचीही बोट आहे. उलट्या बाजूने एक फेरी मारू या?"

"आणि मला वळणं कोण सांगणार?"

"तुझं तू बघ. मला वेळ नसेल."

रांग पुढे सरकली. ती गाडी मात्र तीनदा मागेपुढे होत रांगेतून बाहेर पडली आणि डोंगराकडे वळली.