भावना उर्फ वासंती

—बसतो हो, पण आधी विषय समजून घ्या, दीप्तीताई. विषय: कोस्टा रिका वन्यजीव सहल, प्रवासी दोन, पत्नीच्या नावातील तफावत दूर करणेबाबत. संदर्भ: आपला कालचा फोन. हसताय काय? चौतीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळली, असं मांडल्याशिवाय मला बोलायलाच सुचत नाही. तर, माझ्या अर्जात वासंती आणि तुमच्या संगणकावर भावना ओगले — दोन्ही एकच. माझी बायको. लग्नात नाव बदललं. तांदळाच्या ताटात अंगठीने मीच लिहिलं. तिला विचारलं होतं का? तेव्हा कोण विचारायचं हो! आईने सांगितलं वासंती, मी लिहिलं वासंती — आदेश आला, कार्यवाही केली. गॅझेटात द्यायचं मात्र राहिलं. लोकांचे अर्ज 'नावात तफावत' असा शेरा मारून परत पाठवणारा मी, आणि घरातलंच प्रकरण एकोणचाळीस वर्षं अपूर्ण!

ती गेल्या वर्षी एकटीच वागळे इस्टेटला जाऊन पासपोर्ट काढून आली, शाळेच्या दाखल्यावरच्या नावाने. मला वाटलं, अनवधानाने झालं असेल. म्हणून काल प्रतिज्ञापत्राचा मसुदा करून दिला — 'भावना उर्फ वासंती' — सहीच्या जागी पेन्सिलीने फुलीसुद्धा केली. तर म्हणते कशी, "उर्फ खोडा. आणि त्याच्यापुढचंही." आता बोला! बरं, एवढ्या लांब जायचं कशाला, तर तिथे स्लॉथ नावाचा प्राणी आहे म्हणे, झाडाला उलटा लटकतो, आठवड्यातून एकदा खाली उतरतो. म्हटलं, त्यासाठी विमान कशाला, आमच्या आस्थापना शाखेत असे सहा होते, आणि तेही पेन्शनीत गेले. हसली नाही. पूर्वी हसायची. लग्न झालं तेव्हा प्राणिशास्त्र घेऊन बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. पुढे? पुढे घर होतं, आई होती — राहिलं. परवा माळ्यावरून तिची प्रयोगवही काढली, बेडकाची आकृती, काय सुबक रेषा! मी ती वही पहिल्यांदाच पाहिली.

काय म्हणालात? फिरवा बघू तो पडदा माझ्याकडे. 'भावना ओगले, प्रवासी एक.' एक? निश्चित? पंधरा दिवसांपूर्वी? — आणि माझा अर्ज? तिची संमती लागेल, तिथल्या हॉटेलातली खोली तिच्या नावावर आहे म्हणून. बरोबर आहे, नियम आहे. मग लावा की तिला फोन. नाही, मी नाही, तुम्हीच बोला.

काय म्हणाली? 'बघते'? एवढंच? — अहो, 'बघते' म्हणजे नकार नव्हे. मीही खिडकीवर लोकांना हेच सांगायचो, बघतो म्हणून. मग? मग काही नाही. ते लोक पुन्हा यायचे.

नको, अर्ज परत देऊ नका. तुमच्याकडेच राहू दे, आवक क्रमांक टाका. आणि शेरा लिहून घ्या, मी सांगतो: प्रवासी क्रमांक दोन यांचा अर्ज भावना ओगले यांच्या संमतीअभावी प्रलंबित.