विहिरीकडची ओळ

आमी श्रीवर्धनचेच, कुठनं आलो असं सांगण्यासारखं काय न्हाय, बापाचा बाप इथंच पोफळीवर चढायचा, बाप बी चढायचा, आणि मी उभा र्‍हायला लागलो तवा आई म्हणायची हा पोरगा जमिनीवर कमी आणि खोडाला चिकटून जास्त. पोफळीच्या वाड्या लोकांच्या, हातपाय आमचे. दारात एक पोफळ हाय आमची, पण तिला सुपारी धरत न्हाय, ती बी आमच्यावरच गेली. माजं नाव हरिश्चंद्र. हसू नका, खरं बोलणाऱ्या राजाचं नाव आईनं हौसेनं ठेवलंन, तिला काय ठाऊक पुढं काय व्हणार हाय. गावात हरूदादा म्हणतात. माज्या पाठचा भाऊ दत्ता, सात वर्षांनी लहान. त्याचंच सांगायचं हाय खरं तर, माजं काय, माजं त्याच्यातच येतं.

तुमी पोफळीवर चढताना बघितलंय कुणाला? पायात दोराचा फास, कमरेला कोयता, आणि वर जायचं, सुपारीचा घड कापून दोरानं खाली सोडायचा. ते कुणीबी शिकेल. खरी कला पुढं हाय, खाली उतरायचंच न्हाय, झाड हलवून हलवून झोका घ्यायचा आणि शेजारच्या झाडाचा शेंडा धरून तिकडं जायचं, अशी अख्खी ओळ वरच्या वर करायची. दत्ता जायचा तवा बघत र्‍हावं, पाहुणे लोक फोटो काढायचे. पण दुसरं झाड धरायचं म्हंजे ते भरवशाचं हवं. म्हणून आमच्यात जोडी असते, एक वर, एक खाली. खालचा माणूस आधी सगळी ओळ फिरून येतो, प्रत्येक खोडावर कोयत्याची पाठ मारतो आणि ऐकतो. भरीव झाडाचा आवाज येगळा, पोकळ झाडाचा येगळा, ते सांगून कळत न्हाय, कान लागतो. पोकळ निघालं की त्याला विरी बांधायची. विरी म्हंजे पोफळीच्या झावळीचं बूड, चामड्यासारखं असतं, आतनं पांढरं, त्याची पट्टी फाडून खोडाला बांधली की वरच्याला वरनं दिसते. विरी दिसली की त्या झाडाला हात लावायचा न्हाय. बापाच्या आधीपासनं हे असंच चालत आलेलं.

मला पहिली बिडी कुणी दिली ते आठवत न्हाय, पण दारू आठवते, बापानंच दिलीन. थंडीत वर जायचंय म्हणून एक घोट, उतरल्यावर अंग दुखतंय म्हणून एक घोट. मंग चढायचं नसेल तरी घोट. पंचेचाळिशीला आलो आणि अर्ध्या झाडावर दम लागायला लागला, छातीत मांजर बसल्यासारखी घुरघुर. एकदा तर वरच खोडाला मिठी मारून बसलो, ना वर ना खाली, दत्ता चढला आणि मला लहान पोरासारखं उतरवून आणलंन. कुणाला बोलला न्हाय. दुसऱ्या दिवशी म्हणाला, दादा, तुजा कान माज्यापेक्षा चांगला हाय, तू खाली र्‍हा, मी वर जातो. लाज ठेवलीन माजी. माजी बायको त्याच्या आधीच म्हसळ्याला भावाकडं गेली ती गेली, मूलबाळ नव्हतं, मंग दत्ताच्याच घरात माजं ताट. त्याची बायको सुनंदा, माज्या तोंडाला वास आला तरी वाढायची, मान फिरवून वाढायची, पण वाढायची.

मंग ते मोठं वादळ आलं. वाड्या आडव्या झाल्या, ते सगळ्यांनी बघितलं. पण जी झाडं उभी र्‍हायली त्यांचं कुणी बघितलं न्हाय, ती आतनं गेलेली, वरनं हिरवी, ताठ, आणि आत चीर. त्या साली खालच्या माणसाचं काम वरच्यापेक्षा मोठं व्हतं. आणि खालचा माणूस मी.

थंडीचे दिवस, सकाळचे नऊ साडेनऊ. मी दोन घोट घेऊनच आलेलो. जास्त न्हाय, असं मी तवा रोजच म्हणायचो. वाडीत सहा ओळी, पाच मी ठोकून बघितल्या, चार झाडांना विऱ्या बांधल्या, सहावी विहिरीकडची. म्हटलं जरा कठड्यावर बसून एक बिडी मारू आणि मंग बघू. एक संपली, दुसरी लावली. ऊन छान लागत व्हतं. ती ओळ दगडी गडग्याच्या आडोशाला हाय, तिला वारा लागला नसणार, असं मीच मला सांगितलं. तेवढ्यात दत्ता वरच्या वर पाचवी ओळ संपवून विहिरीकडच्या टोकाला आलेला, तिथनं हाक मारलीन, दादा, विहिरीकडची बघितलीस? मी म्हटलं व्हय. त्याला दोनदा विचारायची सवय, म्हणाला, बघितलीस ना? मी म्हटलं, अरे व्हय रे बाबा, चल पुढं, किती वेळ लावतोस. पहिल्या झाडावर गेला, दुसऱ्यावर गेला, तिसरं धरलंन आणि ते कमरेत मोडलं.

आवाज कसा आला ते मी सांगणार न्हाय.

तो पडला तिथं मी पळत गेलो, डोळे मिटलेले, श्वास चालू. मी वरडलो. घराकडनं माणसं धावत निघाली, पण घर वाडीच्या त्या टोकाला, वेळ व्हता. आणि त्या वेळात माज्या हातानं काय केलं, काय सांगू तुमाला, मी पायाजवळची विरी उचलली, पट्टी फाडली आणि त्या मोडक्या खोडाला बांधली. गाठ बी नीट मारली. एरवी बिडी पेटवताना काडी धरवत नव्हती मला, एवढे हात कापायचे, तवा कापले न्हाईत.

माणसं आली, त्यांनी विरी बघितली, म्हणाले, अरेरे, खूण असून गेला, घाई केलीन. झालं. दत्ताचं कमरेखालचं सगळं गेलं. त्या सकाळचं त्याला काय आठवत न्हाय, डॉक्टर म्हणाले डोक्याला मार बसला की असं व्हतं, मंग लोकांनी जे सांगितलं तेच त्यानं धरलंन. खाटेवर पडल्या पडल्या वर बघत म्हणायचा, दादा, विरी व्हती रे, मला दिसली कशी न्हाय. शंभर वेळा म्हणाला असेल. आणि मी पायाशी बसून, व्हय रे, व्हतं असं कधी कधी.

तुमाला वाटेल त्या दिवसापासनं दारू सोडली असेल. न्हाय. त्या दिवसापासनं वाढली. माणूस असा असतो, म्हंजे मी असा हाय, दुसऱ्यांचं मला ठाऊक न्हाय. दत्ताला दिवसातनं चार पाच वेळा उचलायला लागतं, न्हाणीत, संडासला, खुर्चीत, परत खाटेवर. सुनंदा एवढीशी, तिच्यानं व्हत न्हाय. एकदा न्हाणीत नेताना माजे हात सुटले. तो फरशीवर, पाय अंगाखाली दुमडलेला, गुडघा फुटून रक्त, आणि मी भिंतीला टेकून खोकतोय, मलाच श्वास न्हाय. तर तोच मला सांगतो, दादा, घाबरू नको, मला लागलं न्हाय. लागलेलं, त्याला कळलं नव्हतं. त्या दिवशी मी सोडली. देवापुढं शपथ वगैरे न्हाय घेतली, शपथा लई घेऊन झालेल्या, देव बी कंटाळलेला.

लोक सांगतात दारू सोडली की अंगात तरतरी येते. खोटं हाय. आधी हाय ते बी जातं. तिसऱ्या दिवशी मला भिंतीवर मुंग्याच मुंग्या दिसायला लागल्या, मी झाडूनं भिंत झाडतोय. सुनंदानं शेजाऱ्याच्या रिक्षात घालून दवाखान्यात नेलंन, डॉक्टरनी शिव्याच घातल्या, म्हणाले, एवढ्या वर्षांची दारू अशी एकदम, एकट्यानं सोडायची नसते, मेला असतास. गोळ्या दिल्या, दर आठवड्याला बोलावलं, मी गेलो. दारूचं एक येळ सुटलं, बिडीनं छळलं. जेवण झालं की हात खिशाकडं जायचा, आपोआप. मंग मी खिशात एक सुपारी ठेवायला लागलो, खायला न्हाय, बोटांनी फिरवायला. ही बघा, आता बी हाय.

मंग हातापायात बळ आणायचं. सकाळी किनाऱ्यावर जायला लागलो. पहिल्या दिवशी सुरूच्या ओळीच्या शेवटापर्यंत चालायचं ठरवलं आणि निम्म्यात वाळूत बसलो, पांढरे बूट घातलेले रिटायर मास्तर माज्या बाजूनं दोनदा जाऊन आले. पण गेलो दुसऱ्या दिवशी. मंग एक गोणी घेतली, ओली वाळू भरली, आणि माणसाला बगलेत धरून उचलतात तशी तिला मिठीत घेऊन उठायचं, बसायचं, उठायचं, चार पावलं चालायचं. आधी पाव गोणी. कंबर धरायची, गुडघे बोलायचे, काळा काळा कफ पडायचा. जिमवाली पोरं विचारायची, काका, बॉडी बनवताय काय. मी म्हणायचो, व्हय, सिनेमात जायचंय. दीड वर्ष लागलं, मंग ती गोणी दत्ताएवढी झाली. त्या दिवशी घरी येऊन मी त्याला खाटेवरनं उचलून अंगणात नेलं, एकदाबी न थांबता, तो म्हणाला, दादा, तुजी छाती आता वाजत न्हाय. केवढा खूश झाला. मला रडायला आलं, त्याला वाटलं आनंदाचं.

आणि गाव. गाव म्हणायला लागलं भाऊ असावा तर हरूसारखा. व्यसन सोडलं, भावाची सेवा करतो, शरीर बघा कसं कमावलंय. शेवटी आळीतल्या मंडळानं सत्कार ठेवला. मी नको म्हटलं तर म्हणाले बघा किती साधा माणूस. शाल घातली, नारळ दिला, बोला म्हणाले, मी हात जोडून खाली बसलो. मंग माईक दत्ताच्या खुर्चीपाशी नेला. त्यानं सगळ्यांसमोर सांगितलंन, चूक माजी व्हती, दादानं विरी बांधलेली, मी बघितली न्हाय, आणि माज्या चुकीची शिक्षा हा माजा भाऊ भोगतोय. टाळ्या वाजल्या. बायका पदरानं डोळे पुसत व्हत्या. मी त्या शालीत घामानं भिजलो.

घरी आलो, दुपारची वेळ, सुनंदा भात उतरवत व्हती. मी दत्ताला खाटेवर ठेवलं, पाय सरळ केले, उशी दिली, आणि उभ्यानंच सांगितलं. ती ओळ मी बघितली न्हाय. विरी तू पडल्यावर बांधली. एवढंच. एवढं बोलायला मला एवढी वर्षं लागली. दत्ता आढ्याकडं बघत र्‍हायला. सुनंदा म्हणाली, भावोजी, बाहेर जा. तिचा आवाज चढला न्हाय, चढला असता तर बरं वाटलं असतं.

चार दिवस मी ओट्यावर. शेजारचे दोघं येऊन त्याला उचलायचे, पण त्यांना ठाऊक न्हाय कुठं धरायचं, पाठीला सालटं गेलं, आतनं सुनंदाचा आवाज यायचा, हळू हो, हळू. तिसऱ्या दिवशी मी उठलो आणि दारूच्या दुकानापर्यंत गेलो. खोटं कशाला बोलू, आता तरी. पायरीवर उभा र्‍हायलो. खिशात हात घातला तर सुपारी लागली. म्हटलं आता घेतली आणि तेवढ्यात आतनं बोलावणं आलं तर? घेतलेल्या हातांनी त्याला उचलू कसा? परत येऊन ओट्यावर बसलो. गोणी मी घरी आणलेली, तिथंच पडलेली, तीच उचलत बसलो.

पाचव्या दिवशी सकाळी सुनंदा दारात आली, म्हणाली, बोलावतायत. आत गेलो. दत्ताचं तोंड भिंतीकडं. म्हणाला, उचल.

मी उचलला. तेवढंच झालं, दुसरं काय न्हाय. त्यानं माफ केलंय असं समजू नका, तसं तो बोललेला न्हाय आणि मी विचारलेलं न्हाय. मंडळाकडं मी शाल परत नेली, सगळं सांगितलं, आता किनाऱ्यावर माज्याशी कुणी बोलत न्हाय, पांढऱ्या बुटांचे मास्तर बी तोंड फिरवतात, बरोबर हाय त्यांचं. सुनंदा ताट वाढते, समोर बसत न्हाय. मी त्रेपन्नचा झालो, तो शेहेचाळीसचा. देवाकडं एकच मागणं हाय, त्याच्या आधी मला नेऊ नको, आणि हातात बळ ठेव. म्हणून रोज सकाळी गोणी, पाऊस असला तरी पडवीत गोणी.

तुमी एवढं ऐकून घेतलंत, तुमचे हातपाय धड र्‍हावोत, तुमच्या भावाबहिणींचे बी. आता मला उठायला पायजे, त्याच्या अंघोळीची वेळ झाली. ऐका, हाक मारतोय. आता मी खाटेपाशी गेलो की विचारणार, दादा, बघितलंस? मी फरशी सुकी हाय काय बघणार, खुर्चीचा ब्रेक बघणार, न्हाणीचं दार बघणार आणि सांगणार, व्हय. मंग तो परत विचारणार, बघितलंस ना? आणि मी परत जाऊन, वाकून, हात लावून बघणार, मंगच व्हय म्हणणार. मंग तो माज्या गळ्यात हात टाकतो. दुसरा गळा हाय कुठं त्याला.