खळीचा शर्ट

"हॅलो? … हां अक्का, मीच. … न्हाई गं, निघालो न्हाई अजून. … ऐक तर. … छावणीवर हाय. … गुरांच्या, दुसऱ्या कुणाच्या?"

सत्यभामेने फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला आणि मोकळ्या हाताने डोळ्यांवर आडोसा धरला. दुष्काळाचे दुसरे वर्ष होते. धारूरच्या घाटाच्या पायथ्याला सोसायटीने उभारलेल्या चारा छावणीत ऊन सकाळीच पत्र्यांवरून उतरून गुरांच्या पाठीवर आले होते. पलीकडून बोलत होती तिची थोरली बहीण साखराबाई. ती घाटनांदूरला राहत असे आणि अंबाजोगाईच्या एका सहकारी ग्राहक भांडाराच्या मंडळावर होती. सत्यभामेच्या 'सावली' शिवण संस्थेने बायांसाठी शिवलेले शर्ट आज दुपारी हे मंडळ पाहणार होते, आणि तेही दोरीवर टांगलेले नव्हे तर बायांच्या अंगावरचे. साखराबाईनेच तिथे शब्द टाकला होता.

"साडी? … सुती हाय. निळी, छापाची. … ती हिरवी रेशमी ट्रंकेत हाय, तिथंच राहू दे तिला. … अक्का, या उन्हात रेशीम नेसून आले तर बोलायच्या आधी मलाच पाणी मारावं लागंल. … हो, हो, मान हाय रेशमाला. पन मंडळाला शर्ट दाखवायचाय, मला न्हाई."

शर्टाची गोष्ट तशी जुनीच होती. शेतात, खडीवर, ऊसतोडीला जाणारी या भागातली बाई साडीवर नवऱ्याचा जुना, पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवते. त्याने ऊन अडते, पाचटही अडते. परंतु गावाची शीव दिसली की तोच शर्ट घाईने उतरतो आणि गाठोड्यात कोंबला जातो, कारण तो अंगावर असला की बाई मजूर आहे हे लांबूनच ओळखू येते. साखराबाईने उमेदीची कितीतरी वर्षे ऊसतोडीत काढली होती. बहिणीला घ्यायला शिवेपर्यंत धावत जाणाऱ्या लहानग्या सत्यभामेने तिला तो शर्ट दर वेळी तिथेच, बाभळीच्या आडोशाला, काढताना पाहिले होते.

यंदा लग्ने पुढे गेली, शिवायला ब्लाउज येईनात आणि संस्थेची यंत्रे कापड पांघरून बसली, तेव्हा सत्यभामेला तो शर्ट आठवला. तिने हातमागाचे पातळ सुती कापड घेतले आणि तोच शर्ट बाईच्या अंगाने पुन्हा बेतला. बाह्या सैल आणि मनगटापर्यंत लांब, मानेला उभी पट्टी, निऱ्या मोकळ्या पडाव्यात म्हणून दोन्ही कडांना चिरा. मनगटाला जुन्या इरकली लुगड्याचा काठ. डाव्या खांद्यावर बटणाची एक फट, म्हणजे पदर तिच्यातून बाहेर काढून डोक्यावर घेता येई. भांडाराने हे शर्ट विकायला ठेवले तर यंत्रे पुन्हा चालणार होती. नाही म्हटले, तर ती पावसाळ्याआधी विकून टाकायची असे संस्थेत ठरूनही गेले होते.

"तयार कालच होते गं. … तेच सांगतेय ना. … खळ घातली. … खळ, खळ! साबुदाण्याची. … सगळ्यांना. … मी कशाला घालीन? भिवराकाकूनं घातली."

भिवराबाई संस्थेत सर्वांत थोरली. छावणीच्या उद्घाटनाला आलेल्या पुढाऱ्यांचे पांढरेशुभ्र कपडे तिने जवळून पाहिले होते. उठले तरी सुरकुती नाही, बसले तरी सुरकुती नाही. मोठ्या माणसांसमोर जायचे तर कापड कडक हवे, एवढे तिने त्या दिवशी मनाशी पक्के केले. काल दुपारी कुणाला न विचारता तिने घरचा साबुदाणा शिजवला आणि शर्ट त्यात बुडवून काढले. आपल्या बाया कुणापुढे कमी दिसू नयेत, एवढाच तिचा हेतू होता. सकाळी तिने एक शर्ट ओट्यावर ठेवला, तर तो पाहुण्यासारखा ताठ बसून राहिला.

"हसू नको. … बरं, हस. … अगं घालून बघितला ना! पत्र्याच्या डब्यात बसल्यागत झालं. वारा आत येईना, मानेला पट्टी कापती. … धुवा म्हणतीस, पन कशात धुवू? टँकर येऊन गेला, आता परत कधी येईल ते त्यालाच ठाऊक. पिण्याच्या हंड्यात बुडवू का शर्ट?"

भोवती संस्थेच्या बाया उभ्या होत्या; त्यांची गुरे इथेच असल्याने अंबाजोगाईची जीपही इथूनच निघणार होती. शर्ट पिशव्यांत होते आणि पिशव्या काखेत. दोघी-तिघींचे म्हणणे असे पडले की असेच जावे, शर्ट तिथे टांगून दाखवावेत, मंडळाला काय कळते आहे. भिवराबाई या बोलण्यात नव्हती. ती लांब, आपल्या म्हशीजवळ, पदराचे टोक तोंडात धरून बसली होती. तिची पिशवी पायाशी पडली होती आणि शर्टाची बाही तिच्यातून बाहेर आली होती.

"तू बी तेच म्हण. … न्हाई अक्का, टांगून न्हाई दाखवायचे. … तुझा शब्द हाय, ठाऊक हाय मला. म्हणून तर. … जे आपल्याच अंगाला सोसत न्हाई, ते दुसरीला घे म्हणून कोणत्या तोंडानं सांगू?"

हे बोलताना तिचा आवाज खाली आला. पलीकडे बहीण बोलत राहिली, सत्यभामा नुसती "हं… हं…" करत राहिली, आणि तिची नजर भिवराबाईच्या म्हशीवर गेली.

"… अक्का, थांब. … थांब जरा, बोलू नको. … काकूची म्हैस शर्ट चाटतीय. … खात न्हाई गं, चाटतीय. … ती बाही बघ की. मऊ पडली बाही!"

खळ म्हणजे तरी काय, शिजवलेला साबुदाणाच. म्हशीला त्याची चव लागली होती. सत्यभामा फोन हातात तसाच धरून हौदाकडे निघाली.

"ठेवू नको फोन. रामहरीभाऊ, ओ रामहरीभाऊ! पाणी पाजलं का गुरांना? … अक्का, तुला न्हाई, भाऊला म्हनले."

रामहरी हा छावणीचा राखणदार. हौदातले पाणी प्रत्येक जनावराच्या वाट्याचे होते आणि तो ते बादलीने मोजून देत असे. कापडे धुवायला पाणी, हे शब्द ऐकताच तो हौदाच्या तोंडाशी आडवा उभा राहिला. सत्यभामेने त्याला समजावले की पाणी मागायचे नाहीच, उसने घ्यायचे आहे. म्हशींच्या वाट्याच्या बादलीतच शर्ट बुचकळून पिळायचे, आणि ते खळीचे पाणी त्याच म्हशींना पाजायचे. त्याने साबणाचे विचारले, निळीचे विचारले, रंग सुटतो का ते विचारले. कापड कोरे असतानाच धुऊन घेतले होते आणि त्याला साबण, नीळ काही लागलेले नव्हते. तरीही त्याने आधी एकच शर्ट पिळू दिला आणि ती बादली स्वतःच्या हाताने भिवराबाईच्या म्हशीपुढे ठेवली.

"… अक्का, बोलू नको, बघतेय मी. … नाक घातलं. … पितीय. … पितीय गं! तळ चाटून पिली. रामहरीभाऊ म्हनतात, उद्या बी घेऊन या शर्ट."

मग कुणाला सांगावे लागले नाही. भिवराबाई उठली, पदर खोचला आणि बादल्यांच्या रांगेत पुढे जाऊन बसली. थेंब बाहेर पडू नये म्हणून पिळताना हात बादलीच्या आत कसे धरायचे, हे तीच इतरांना दाखवू लागली. म्हशी एकमेकींना ढुसण्या देत पुढे सरकत होत्या. सत्यभामेने फोन भिवराबाईच्या कान-खांद्यात अडकवला, पिळलेला शर्ट अंगात चढवला आणि फोन परत घेतला.

"काय म्हनली काकू? … शिव्या दिल्या? तुला? … हसलीस म्हणून? … बरं झालं. … हो, वलाच घातला. वाळवत कुठं बसू? … अक्का, कसं सांगू तुला. झळ लागतीय आणि आत गार. माठाला हात लावल्यावानी. लई गार. … आता रस्त्यानं वाळंल, पन मऊच राहील. … चुरगळणार की. चुरगळू दे. अंगावर पडतो कसा ते बघशील तू."

जीप छावणीच्या तोंडाशी येऊन उभी होती. बाया एकामागून एक निघाल्या. ओल्या सुती कापडातून वारा जात होता, इरकली काठ मनगटावर हलत होते, खांद्यावरच्या फटीतून पदर डोक्यावर गेले होते. बाजांवर बसलेले गडी वळून पाहू लागले. एरवी असे झाले की चाल वाढते आणि मान खाली जाते. आज सर्वांत पुढे असलेली भिवराबाई थांबली.

"कावून बघतो रे?" तिने एकाला विचारले. "आवडला तर मालकिणीला घे. तुझे फाटके किती दिवस घालावेत तिनं?"

गडी हसले, बाया त्याहून हसल्या. सत्यभामा जीपमध्ये शिरली तेव्हा फोन तिच्या कानालाच होता.

"ऐकलंस ना? … तीच की. सकाळपासून रडत होती. … बसलो, बसलो. येतो मंडळाच्या आधी. … हॅलो? … हाय ना तू? … मग गप का झालीस? … काय? … हळू का बोलतीस, कोन हाय तिथं? … कुणासाठी?"

मांडीवरच्या पिशवीच्या तळाशी आणखी एक शर्ट होता. तो सत्यभामेच्या घरी ट्रंकेत राहिला, म्हणून खळीतून सुटला होता. तिने बेतलेला पहिला शर्ट तोच. ऊसतोड सुटली त्या दिवशी साखराबाई आपला जुना शर्ट आईच्या घरी टाकून गेली होती आणि पुन्हा कधी त्याचे नाव तिने काढले नव्हते. सत्यभामेने खांदे त्यावरून घेतले होते. शिवून झाल्यावर ही गोष्ट बहिणीला सांगायचे तिचे अनेकदा मनात आले, परंतु धीर झाला नव्हता.

"… हाय. एक हाय. … माप कशाला सांगतीस? तुझंच हाय ते. … त्या जुन्या शर्टावरून घेतलं. … ठेवलता मी. … रडती का हसती तू? … रेशमी साडीवर? बसंल की, झाक दिसंल."

बोलता बोलता जीप रस्त्याला लागली होती. खिडकीतून उन्हाची झळ आत आली आणि मनगटावरची शेवटची ओल घेऊन गेली. काठ वाळला, तरी कापड मऊच राहिले.

"अक्का, एक ऐक. … भांडाराच्या दारातच घाल, आमच्या संगं. … आणि मंडळासमोर जाताना काढू नको. … हां. … हां, ठेवते."