आईची मशेरी मीच भाजायची

मी मूळची कऱ्हाडजवळची. आमच्याकडं घरोघरी बायका मशेरी लावायच्या, म्हणजे तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, बारीक करायची आणि सकाळी बोटानं दातांना घासायची, त्याला व्यसन कुणी म्हणतच नव्हतं, दात घासणं म्हणायचे. लग्न झालं, नवऱ्याबरोबर इथं टेक्सासला आले, अर्विंगमध्ये घर घेतलं, आणि काय सांगू तुम्हाला, नोकरी लागली ती पण दातांचीच! सरकारी क्लिनिक, शाळेतल्या गरीब पोरांचं, आणि दर गुरुवारी त्यांच्या आयांचं. मी असिस्टंट. पोरांना खुर्चीत बसवायचं, आयांचे फॉर्म भरायचे.

वडील गेल्यावर, ऐंशी सालच्या आसपास, आईला इथं आणलं. तिला दातांच्या डॉक्टरची भारी धास्ती. ती लहान असताना, म्हणजे इंग्रजांच्या राज्यात, दुसरं महायुद्ध लागायच्याही आधी, तिच्या शाळेत दातांचा डॉक्टर आला होता, पोरींना ओळीनं उभं केलं आणि आईची दाढ तिथंच व्हरांड्यात उपटली, भूल नाही न काही नाही. रडत घरी आली तर तिच्या आजीनं दुखऱ्या जागी मशेरी दाबली. तेव्हा जी लागली ती लागली. परत तिनं कुणाला तोंडात बघू दिलं नाही, मलासुद्धा. आणि मी तरी कुठं म्हटलं? आपल्या आईला आ कर म्हणायची लाज वाटायची, खरं सांगते.

दोन महिन्यांत तिची मशेरी संपली. तोंड एवढंसं करून बसायची. मला बघवेना. मग कुणी पुण्याहून, नागपूरहून यायचं असलं की मी तंबाखू मागवायची आणि किचनमध्ये स्वतः भाजायची. स्मोक अलार्म बोंबलायचा, माझी पोरगी ओरडायची, मॉम, स्टॉप इट, आणि आई खुदुखुदु हसायची. ती हसली की मला कोण आनंद! माझ्याच हातानं हो, माझ्याच हातानं.

पुढं ती तिखट खाईना, भाकरी दुधात कुस्करून एकाच बाजूनं चावायची. मी म्हटलं वय झालं. एका गुरुवारी घरी कुणी नव्हतं म्हणून तिला क्लिनिकवर नेलं. आमच्या डॉक्टरीणबाई म्हाताऱ्या, मायाळू, म्हणाल्या बसव तुझ्या मदरला, मी नुसतं बघते. आई माझा हात घट्ट धरून बसली. फॉर्म मीच भरला. तंबाखू? मी नो लिहिलं. बाईंनी गालाच्या आत आरसा घातला आणि मग फॉर्म परत बघितला. पुन्हा विचारलं, नक्की तंबाखू नाही ना? मी जरा रागानंच म्हटलं, आमच्या घरात बायका असलं काही करत नाहीत. तेवढ्यात आईला काय वाटलं कुणास ठाऊक, तिनं कनवटीची डबी काढून बाईंपुढं धरली, म्हणाली, घे बाई, दात पक्के होतात. त्यांनी वास घेतला आणि माझ्याकडं बघितलं. दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, अर्धा जबडा काढला, बोलणं बंद झालं. घरी आणलं तर तिसऱ्या दिवशी तिनं हवेत दात घासल्यासारखं बोट फिरवलं, मला खूण केली, दे. आणि मी ओरडले हो तिच्यावर, जन्मात पहिल्यांदा ओरडले, मरायला टेकलीस तरी कळत नाही का तुला! असं बोलले मी. तिनं मला जवळ बोलावलं, माझी हनुवटी धरली, अंगठ्यानं ओठ बाजूला केला आणि माझ्या तोंडात बघत राहिली, गालाच्या आत, जिभेखाली. मी तर लावत नाही ना, एवढंच तिला बघायचं होतं. मी म्हटलं, नाही गं आई, मी नाही लावत. तेव्हा कुठं तिनं सोडलं.

त्याच उन्हाळ्यात ती गेली. मी अजून तिथंच कामाला आहे. आता तंबाखू खाता का असं विचारत नाही, दात कशानं घासता ते विचारते. बायका हसतात. हसू देत बिचाऱ्या, त्यांच्या पोरांना त्यांची आई राहू दे. नवरा म्हणतो, तुला कुठं माहीत होतं. माहीत असायला पाहिजे होतं हो. दुसऱ्या कुणाला नाही, मलाच माहीत असायला पाहिजे होतं.