सात वारांच्या सात आया

मंडळी, आज नमनालाच विचारून टाकतो, कारण सकाळपासून मला चैन नाही. चोरी न करता पाप लागतं का? हात स्वच्छ, दमडी इकडची तिकडं नाही, मनात कपट नाही – तरी पाप! लागतं का? अहो, लगेच माना डोलवू नका. मान काय, नंदीबैलही डोलवतो! आधी ऐका.

हे आख्यान पोथीतलं नाही. आपल्यासारख्याच एका बाजाराच्या गावातलं आहे. गावाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं की तुम्ही म्हणणार, "हां हां, ते गाव तसलंच!" – आणि मोकळे होणार. आज तुम्हाला मोकळं सोडायचं नाही!

तर त्या गावात एक बालसदन. आईबाप नसलेली, कुणी टाकलेली, अशी वीसपंचवीस लेकरं. संस्थेचे अध्यक्ष तात्यासाहेब बोरगावकर, धान्याचे व्यापारी. माणूस? बावनकशी सोनं! सभेचा चहासुद्धा घरच्या किटलीतून आणायचे. आणि फाटकावर त्यांनी हौसेनं पाटी लावलेली – 'आपल्या देणगीतील एक पैसाही पगारावर खर्च होत नाही.' वा! वाचणाऱ्याचा हात आपोआप खिशात! तुमचाही गेला असता. खरं सांगा, गेला असता की नाही?

मग तिथं पगारी माणूस नव्हतं का? होतं की! अनसूया लोखंडे. रात्रंदिवस तिथंच. कुणाला ताप चढतो, कोण अंधाराला भितं, कुणाला भाताबरोबर लोणचं लागतं – सगळं तिला ठाऊक. तिथं एक मैना होती, तीन वर्षांची. ती तर अनसूयेचा पदर मुठीत धरल्याशिवाय झोपायची नाही. या अनसूयेचा पगार तात्या गुपचूप आपल्या दुकानातून देत. पाटी खरी, बाई खूश, देणगीदार खूश!

पण तात्या थकले. दुकान मुलाकडं गेलं. मुलगा म्हणाला, "तात्या, बाई संस्थेची, पगार संस्थेनं द्यावा." चुकला का तो? नाही! मीही तेच म्हणालो असतो.

झालं! विश्वस्तांची सभा बसली. चिवडा आला. सबनीस वकील म्हणाले, "पगार द्यायचा तर पाटी काढावी लागेल. पाटी काढली तर देणग्या आटतील."

तात्या म्हणाले, "पाटी खोटी ठेवायची नाही. मी जिवंत असेपर्यंत तरी नाही!"

बघा हं, किती चांगला माणूस! इथंच तर माझा जीव कासावीस होतो. लबाड असता ना, तर पाटी तशीच ठेवून आतून पगार दिला असता. लेकरांचं भलं झालं असतं! नका हसू. हसायची गोष्ट नाही ही.

"अहो, पण पगारासाठी वेगळी देणगी मागू या," कुणीतरी म्हणालं.

"देणार कोण?" वकील म्हणाले.

आणि खरंच हो, कोण देणार? वडिलांच्या पुण्यतिथीला बासुंदी द्यायला रांग! फळ्यावर नाव झळकतं – 'कैलासवासी अमुक यांच्या स्मरणार्थ मिष्टान्न भोजन.' पण 'कैलासवासींच्या स्मरणार्थ अनसूयाबाईंचा पगार'? शोभत नाही ना फळ्यावर!

मग वकिलांच्या पत्नी शालिनीताई पुढं आल्या. "आमचं महिला मंडळ आहे ना! सात वार, सात जणी. सेवाभावानं करू. पगाराचा प्रश्नच मिटला!" टाळ्या! ठराव एकमतानं मंजूर! आणि अनसूयेला एक साडी, एक नारळ, आणि निरोप.

सोमवारची बाई आली. प्रेमळ! मैनेचा डावीकडं भांग पाडला. मंगळवारची आली, तीही प्रेमळ, तिनं तो मोडून मधोमध पाडला. बुधवारची म्हणे, "मला आई म्हण." गुरुवारची म्हणे, "आई नको बाई, काकू म्हण." सात सुगरणी आणि भाजी अळणी! मैना आधी रडली, "अनसूयामाय कुठाय?" मग रोज सकाळी दाराकडं बघायला लागली. मग तेही थांबलं. बोलणंच कमी झालं. आणि मंडळातल्या बायका काय म्हणाव्यात? "किती शहाणी झाली हो! कुणाकडंही जाते!" विश्वस्तांनी सभेत नोंदवलं – व्यवस्था उत्तम.

उत्तम! ऐका आता ही उत्तम व्यवस्था.

गुरुवार. बाजाराचा दिवस. बालसदनात एका शेटजींच्या वडिलांची तिथी. बासुंदी-पुरी, पाहुणे, फोटो. पंगत उठली – मैना नाही! न्हाणीत नाही, अंगणात नाही, दारामागं नाही. "अहो, मुलीवर लक्ष कुणाचं होतं?" तात्या ओरडले. तर शालिनीताई काय म्हणाव्यात? "माझं नाही हो, मी शुक्रवारची!" गुरुवारची बाई घरी पाहुणे आले म्हणून लवकर गेली होती. तिला वाटलं, एवढी माणसं आहेत, कुणीतरी बघेलच!

मागं विहीर. तात्या विहिरीत डोकावले. मंडळी, पाण्यात डोकावताना त्या म्हाताऱ्याच्या छातीत काय झालं असेल! पाणी स्थिर. तिथून पळत सुटले, पायांत चपला नाहीत. भाजीबाजार, गुळाची लाईन, बांगडीवाले. "लाल फ्रॉकची पोर पाहिली का?" नाही! "पाहिली का हो?" नाही! उसाच्या गाड्यांमधून, बैलांच्या पायांमधून, शेवटी एसटी स्टँडवर.

तिथं बाकावर एक खेडूत बाई बसलेली, शेजारी कांद्याची पिशवी. आणि तिचा पदर धरून उभी – मैना.

"आबा, तुमची व्हय ही?" बाई म्हणाली. "बाजारापास्नं माज्या पदराला धरून आलीया. कुनाची गं, इचारलं तर बोलंना. आता कंट्रोलरसायबाकडं द्यायला निगालेच हुते." मग ती जरा थांबली आणि म्हणाली, "पर आबा, ही कुनाच्या बी मागं गेली असती. जपा हिला."

तात्यांनी हात पुढं केला. "चल, बाळ."

आणि मैनेनं काय केलं? तो पदर सोडला, तात्यांचं बोट धरलं आणि चालायला लागली. तोंड वर करून पाहिलंसुद्धा नाही! कोण आहे, कुठं नेतो, काही नाही. एक हात सुटला, दुसरा धरला. तात्या तिथंच, स्टँडच्या धुळीत, मटकन बसले आणि हमसून रडले. "अरे, मी हिला सात आया दिल्या आणि हिचं माणूसच काढून घेतलं!"

उठले ते बालसदनात गेले नाहीत. मैनेला घेऊन थेट डाळमिलवर. बालसदन सुटल्यापासून अनसूया तिथंच मजुरीला होती, डाळ पाखडत होती.

"अनसूया, चल परत."

"सेवेला का कामाला, तात्या?"

"कामाला. पगारावर. संस्थेच्या पैशातून."

"अन् पाटीचं काय?"

"आज उतरवतो. माझ्या हातानं."

मैनेनं आवाज ऐकला. मान वर केली. धावत गेली असेल, असं वाटतं ना तुम्हाला? छे! पाठ फिरवली. अनसूयेनं उचलून घेतलं तर मारायला लागली! चावली! आणि मग जो टाहो फोडला... सगळी डाळमिल थांबली. अनसूया नुसती म्हणत होती, "मार माय, मार. चुकलंच माझं." चूक तिची नव्हती हो! पण पोराला सांगायचं कुणी?

मंडळी, रुसवा परक्यावर धरत नाहीत. आपण देवावर का रुसतो? तो वारावारानं बदलत नाही म्हणून!

तर पाटी उतरली. देणग्या आटल्या का? आटल्या! खोटं कशाला सांगू? बासुंदी महिन्यावर गेली. तात्या आजही दारोदार फिरतात, "बाईच्या पगाराला द्या हो." लोक म्हणतात, "पुढच्या महिन्यात बघू."

लोक म्हणजे कोण? इकडं बघा. मागं वळून काय बघता? मी तुमच्याशी बोलतोय! कीर्तन संपलं की तुम्ही मला विचारता, "बुवा, एक बालसदन आहे, पैसे मुलांच्याच तोंडी पडतात ना?" अहो, बासुंदी काय आपल्या पायांनी चालत जाते लेकराच्या तोंडाशी? भरवणारा हात लागतो, आणि त्या हातालाही पोट असतं! यापुढं कुठल्याही अनाथालयाच्या दारात गेलात, तर हिशोब बघा, जरूर बघा. पण त्याआधी एक विचारा – इथली लेकरं रुसतात कुणावर?

आणि उत्तर आलं नाही, तर ताट उचलू नका, फोटो काढू नका. बसा तिथंच. चैन पडू देऊ नका स्वतःला. मला पडलेली नाही. म्हणा आता देवाचं नाव – आणि जरा लाजून म्हणा!