नव्या आबादीतलं वळण

सन्माननीय अध्यक्ष अण्णाराव पाटील, आजचे सत्कारमूर्ती, मोजणीचे गिरदावर गुलाम दस्तगीर साहेब, व्यासपीठावर बसलेले शांतलिंगप्पा आणि ज्ञानोबा, डाव्या बाजूला बसलेल्या माताभगिनी आणि समस्त जळकोटकर मंडळी, सर्वांना माझा नमस्कार.

बोलणं हा माझा प्रांत नाही. शाळेत मी मुलांना बोलायला लावतो आणि आबादी कमिटीत इतरांचं बोलणं लिहून घेतो. पाच वर्षं मी या कमिटीचा मुन्शी आहे. या काळात माझ्या तोंडून किती शब्द गेले, हे अध्यक्षमहाशयांना विचारलं तर ते म्हणतील, "मास्तर होते व्हय बैठकीला?" तरीही आज मीच बोलावं असा हट्ट अध्यक्षांनीच धरला. म्हणून कागदावर लिहून आणलं आहे. मान खाली घालून वाचतो, राग मानू नये.

साहेब तीस वर्षांची चाकरी संपवून उद्या आपल्या गावी जात आहेत. त्यांनी किती गावांची मोजणी केली, किती भांडणं मिटवली, हे आधीच्या वक्त्यांनी सांगितलं. मी एकाच रस्त्याचं सांगतो.

फसली तेराशे एक्कावन्न साली तहसिलीतून हुकूम आला. जुन्या गावात घराला घर चिकटलेलं, तेव्हा पश्चिमेची अकरा शेतं मोडून आबादीत, म्हणजे गावठाणात, घ्यावीत, त्यांचे घरांसाठी तुकडे पाडावेत आणि मधून सडकेपर्यंत सरळ रस्ता काढावा. निर्णयासाठी पाच जणांची कमिटी. नकाशा गिरदावरसाहेबांचा. अकरा शेतांत एक पट्टा माझा होता. रस्त्याची रेघ नेमकी त्यावरून गेली.

त्या पट्ट्यात, आदल्याच आश्विनात, आमच्या घरातल्या माणसाला माती दिली होती. आम्हा लिंगायतांत माणसाला आडवं ठेवत नाहीत, बसवतात, हे आपण जाणता. वर अजून दगड बसवला नव्हता. तुरीच्या ओळींत नुसता मातीचा उंचवटा होता. रस्त्याचा ठराव मीच लिहिला. चांगल्या अक्षरात लिहिला. कुणाला काही बोललो नाही. का नाही बोललो? खरं सांगायचं तर, कमिटीसमोर स्वतःचं दुःख कोणत्या कलमाखाली मांडतात, ते मला ठाऊक नव्हतं.

माघात मोजणी झाली. साहेब बाभळीखाली टेबल मांडून बसले. साखळीचं पुढचं टोक मोजणीचा गडी गोरोबा याच्या हातात. तुराट्या अजून उभ्या होत्या, त्यामुळे त्यांच्या आड गोरोबा काय करतो ते साहेबांना दिसत नव्हतं. माझा पट्टा मोजला तर जुन्या नोंदीपेक्षा दोन हात जास्त भरला. पुन्हा मोजला. पुन्हा दोन हात. तिसऱ्यांदाही तेच.

साहेब उठले. "गोरोबा, मास्टरची जमीन बाळंत झाली काय रे?"

"न्हाय साहेब."

"मग साखळी आटली?"

"साखळीबी तेवढीच हाय. म्या वळसा घेतोय मधी."

"वळसा? मोजणीत वळसा? पच्चीस साल में ऐसा मोजणारा नाही पाहिला मी!"

"मास्तरच्या मालकीणबाई बसल्यात तितं. अंगावरनं साखळी कशी वडू?"

साहेब माझ्याकडे बघू लागले. मी वहीत बघू लागलो. मग ते तुराट्यांतून त्या जागेपर्यंत गेले आणि परत आले. टेबलाशी बसून खिशातलं रबर काढलं.

"मास्टर, तुमच्यात माणूस बसलेला असतो ना?"

"हो."

"तर मग चालणाऱ्यानं बाजूनं जायचं. बसलेल्याला कोण उठवतो?"

एवढं म्हणून त्यांनी रेघ खोडली आणि वळणाची काढली.

इथवर ठीक होतं. पण रस्ता वळू शकतो, ही बातमी गावात पोचली. आठ दिवसांनी चावडीत बैठक भरली, तेव्हा रस्त्यात जमीन जाणाऱ्या प्रत्येकाच्या शेतात कुणी ना कुणी बसलेलं निघालं. माझी सोडून एकंदर सात समाध्या. त्यातल्या चार दगडांचा चुना ओला होता.

शांतलिंगप्पा आज माझ्या शेजारीच बसले आहेत. त्यांची परवानगी घेऊनच सांगतो. त्यांनी आपले आजोबा सांगितले.

अध्यक्ष म्हणाले, "शांतलिंगा, तुजा आजा मैंदर्गीला बसलाय की. मी सोता खांदा दिलाय."

"ते खरं हाय पाटील. पण त्यांचा जीव लई हितंच होता."

"जीव मोजणीत धरत न्हाईत."

ज्ञानोबांनी आपल्या वडिलांचं नाव लिहायला सांगितलं. चावडीच्या पायरीवर त्यांच्या मातोश्री द्वारकाबाई बसल्या होत्या. त्या तिथूनच ओरडल्या, "आरं मुडद्या, तुज्या बापाला जाळलं की आपण! बोरी नदीला राख सोडली. आन् नदीकाठी रडलं कोण, ह्यो शांतलिंग?"

ज्ञानोबा म्हणाले, "आये, तू गप. ऱ्हायलेली थोडी राख हितं आणली हुती."

"कशात आणलीस? तपकिरीच्या डबीत?"

आणि अध्यक्षमहाशय, आपण मला बोलायला लावलं आहे, तेव्हा आता क्षमा करावी. सातवी समाधी आपली होती. आपण घोडीची सांगितली होती.

(अध्यक्ष मान हलवत आहेत. आपण म्हणालात ते मी इतिवृत्तात जसंच्या तसं लिहिलं आहे : "घोडी होती, पर माणसावानी होती.")

साहेबांनी एकालाही खोटं ठरवलं नाही. सातही नावं मला लिहून घ्यायला लावली. मग शांतपणे म्हणाले, "बहुत अच्छा. बुजुर्गांचा मान राहिला पाहिजे. आता त्याच्यापुढं लिहा मास्टर. समाधीची जागा आबादीतून बाहेर. तिथं भिंत नाही, उकिरडा नाही, जनावर बांधायचं नाही. विकायची नाही, वाटणीत द्यायची नाही. आणि वळणाला जादा लागेल ती जमीन त्याच मालकाच्या उरलेल्या तुकड्यातून घ्यायची."

चावडीत जो तो बोटांवर आपल्या तुकड्याचा हिशेब करू लागला.

शांतलिंगप्पांनी विचारलं, "साहेब, आजोबा जरा कडेला सरकवले तर?"

"सरकवा की. जिथं सरकवाल तिथं हाच कायदा."

"मग ऱ्हाऊ द्या. मैंदर्गीलाच बरे हायत ते."

ज्ञानोबांच्या वडिलांची राख पुन्हा नदीला गेली. घोडी, अध्यक्षांना तेव्हाच आठवलं, दुसऱ्या शेतात पुरली होती. तासाभरात मी सातही नावं खोडली. एका बैठकीत सात माणसं पुरून पुन्हा उकरणारा मुन्शी या मुलखात दुसरा नसेल.

मग साहेब माझ्याकडे वळले. कायदा सगळ्यांना एक, हे त्यांना सांगायची गरज नव्हती. माझा पट्टा अरुंद. वळण काढलं, तर सडकेच्या तोंडाची जागा सगळी जात होती. मागं नऊ हातांची चिंचोळी पट्टी उरत होती. त्यात घर बसत नाही. मी भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो, हे सगळ्यांना माहीत होतं.

अध्यक्ष म्हणाले, आणि ते मी कधी विसरणार नाही, "मास्तर, इचार करा. दगुड न्हाय, कट्टा न्हाय. हुंचवटा पावसात बसून जाईल. तुमाला घर हुईल."

मी म्हणालो, "असू द्या तसंच."

पाच वर्षांत कमिटीपुढं मी बोललेले तीन शब्द ते एवढेच.

पुढची गोष्ट साहेबांनी कधी कुणाला सांगितली नाही. कागद माझ्या हातून गेले म्हणून मला ठाऊक. नकाशा वरच्या कचेरीतून परत आला. शेरा होता, हुकूम सरळ रस्त्याचा असताना वळण का? साहेबांनी उत्तर धाडलं, पुन्हा मोजणी करून कळवतो. मोजणी झाली. गोरोबानं वळसा घेतला. नकाशा तसाच गेला. तसाच परत आला. असं तीनदा झालं. तिसऱ्या शेऱ्यात साहेबांकडून जबाब मागितला होता, आणि त्याच साली त्यांच्या बढतीचा कागद थांबला. मी त्यांना म्हणालो, सरळ करून टाका. ते म्हणाले, "मास्टर, तुम्ही लिहायचं काम करा. काढायचं काम माझं."

या लिहालिहीत चार वर्षं गेली. तोवर गाड्या थांबतात का? जळकोटच्या बैलांनी वरच्या कचेरीची वाट पाहिली नाही. ते वळणावरून जात राहिले, चाकोऱ्या पडल्या, आणि गेल्या महिन्यात मंजुरी आली : 'वहिवाट पडल्याप्रमाणे कायम.'

मंजूर नकाशाची पक्की प्रत काढताना साहेबांनी मला एक विचारलं. मोठ्या वळणाला नकाशात नाव लागतं, काय लिहू? मला उत्तर देता येईना. लग्नातल्या उखाण्यानंतर घरातल्या माणसाचं नाव तोंडानं घ्यायची आमच्यात रीत नाही. मीही कधी घेतलं नाही. हाक मारायची तर 'ऐकलं का' म्हणायचो. साहेब लेखणी धरून थांबले. गोरोबा दाराशी होता. तो म्हणाला, "आवो, सगळे गाडीवान नाव घेत्यातच की."

मला हे माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम वळणाशी जाऊन उभा राहिलो. ज्वारीची गाडी आली. गाडीवान परगावचा होता, ईटकडचा असावा. त्यानं ना मला पाहिलेलं, ना आमच्या घरातल्या माणसाला. मागच्या गाडीला ओरडून तो म्हणाला, "हळू घे रं, म्होरं गिरिजाबाईचं वळण हाय!"

मी घर बांधलं नाही, बांधणारही नाही. पण साहेब, आपल्या त्या रबरामुळं जे नाव मी अठरा वर्षांच्या संसारात एकदाही घेतलं नाही, ते आता रोज वीस-पंचवीस माणसं घेतात. आज भरसभेत मीही घेतलं. गिरिजाबाई.

आपले आभार मानायचे राहिले होते. ते मानतो. अल्ला आपल्याला उदंड आयुष्य देवो. अध्यक्षांची घोडीबद्दल, द्वारकाबाईंची त्यांचे शब्द उघड केल्याबद्दल आणि आपणा सर्वांची वेळ जास्त घेतल्याबद्दल माफी मागतो. जे चुकलं असेल ते माझ्या पदरी घालावं, आणि मला खाली बसू द्यावं.