चौथी झोप

भावजय — हा पाला कुणी टाकला, वन्सं?

नणंद — कुणी म्हणजे? मीच. दुसरं आहे कोण घरात?

भावजय — कधी?

नणंद — तू फाट्यावर साहेबांची गाडी बघायला गेलीस तेव्हा. आले का गं ते? चहाचं आधण ठेवलंय, नुसती पत्ती टाकायचीय.

भावजय — नाही आले. दुपारपासून उभी होते, पायांचे तुकडे पडले. चहाचं राहू द्या, आधी इकडे या. मांडणीच्या किती खणांत टाकलात?

नणंद — सगळ्यांत. एकाला वाढायचं आणि शेजारच्याला नाही, असं करतं का कुणी?

भावजय — अहो, झोपल्यात ना त्या.

नणंद — कोण झोपलंय?

भावजय — रेशमाच्या अळ्या. चौथी कात टाकायला कालच झोपल्यात. सकाळी सांगितलं होतं मी तुम्हाला, आज काही घालायचं नाही. वर चुना पसरून ठेवला होता, तो दिसला नाही का?

नणंद — दिसला की. मला वाटलं, बिचाऱ्या उपाशी आहेत म्हणून हलत नाहीत. सगळ्या माना वर करून बसल्या होत्या गं, पंगतीत पानावर बसलेल्या पोरांसारख्या. माझा उभा जन्म वसतिगृहात वाढप्याचं काम करण्यात गेला. पोराने मान वर केली की वाढायचं, मला एवढंच ठाऊक.

भावजय — त्या माना वर करूनच झोपतात.

नणंद — हे आज कळतंय मला.

भावजय — सांगितलं होतं.

नणंद — घालू नका एवढंच सांगितलंस. का नको, ते कुठे सांगितलंस? तूही दमलेली असतेस, अर्धं बोलतेस, अर्धं गिळतेस. आणि माझ्या मनात आलं, मोठे साहेब येणार, शेड बघणार, आणि इथे सगळं कोरडंठाक. पाहुणा दारात आणि चूल गार. हिरवंगार दिसलं की माणसाचं मन प्रसन्न होतं, सही करताना हात आखडत नाही. म्हणून तुतीच्या चांगल्या कोवळ्या फांद्या कापून आणल्या. कोपरापर्यंत खरचटलंय, बघ.

भावजय — करायला गेलात एक.

नणंद — पण बिघडलं काय एवढं? खाऊच घातलं ना, उपाशी तर मारलं नाही.

भावजय — ज्या जाग्या झाल्या असतील त्या वर चढून खायला लागतील. ज्या झोपेत आहेत त्या पाल्याखाली दबून राहणार, ओल धरणार. त्या उठेपर्यंत ह्या पुढे गेलेल्या. मग निम्म्या कोष करायला निघणार आणि निम्म्या अजून खातच बसणार. मागे पडतात त्यांना रोग धरतो, वन्सं. आणि एकीला धरला की शेडभर पसरतो.

नणंद — मग काढू या. आत्ताच्या आत्ता काढू. सरक तू.

भावजय — ओढू नका. खालच्या अळ्या कातीसकट फाटतात. थांबा, मला जरा बसू द्या. मग बघू.

नणंद — बस बाई. पाणी आणू?

भावजय — नको. बाहेर मोटारसायकल वाजली बघा.

सहायक — ताई, आहात का? येतो आत. पाय बुडवलेत हो ब्लीचिंगच्या पाण्यात, दोन्ही बुडवलेत.

भावजय — या भाऊ. मोठे साहेब कुठे अडकले?

सहायक — नाही येत ते. गाडी अर्ध्या रस्त्यातनं परत फिरली. वरून बैठकीचा निरोप आला. मी फोन लावत होतो तुम्हाला, लागेना.

भावजय — फाट्यावर रेंज नसते.

नणंद — मग उद्या येतील?

सहायक — उद्याचं काही सांगता येत नाही, आजी.

नणंद — आजी कुणाला म्हणता? केस उन्हाने पांढरे झालेत.

सहायक — चुकलं, मावशी. असं आहे बघा, पाहणीशिवाय शेडच्या अनुदानाचा प्रस्ताव पुढे सरकत नाही. झाडांचं अनुदान आलं, कोष करायच्या जाळ्या, चंद्रिका, मिळाल्या, ते सगळं माझ्या सहीवर झालं. शेडला मात्र मोठ्या साहेबांनी स्वतः बघायला लागतं, आणि तेही आत अळ्या असताना.

भावजय — मागच्या खेपेला आले तेव्हा कोष विकून झाले होते. शेड धुऊन चकचकीत करून ठेवली होती मी. आणि ते लिहून गेले, कीटक संगोपन आढळले नाही.

सहायक — ठाऊक आहे हो. मीच होतो बरोबर. मी म्हटलंसुद्धा, साहेब, ही दोन पिकांमधली वेळ आहे. ते म्हणाले, जे दिसलं ते लिहिलं. आता मी त्यांच्या हाताखालचा माणूस, काय बोलणार?

नणंद — सरकारी काम आणि सहा महिने थांब, दुसरं काय.

सहायक — मावशी, माझ्या स्वतःच्या कंत्राटाची मुदतवाढ त्याच टेबलावर पडून आहे. तुमचा कागद खाली आणि माझा वर, एवढाच फरक. पण हे काय, पाला घातलात? मला वाटलं, आज झोपेत असतील.

भावजय — आहेत झोपेत.

नणंद — मी घातला. तिचं काही नाही त्यात. बोलायचं ते मला बोला.

सहायक — बोलून काय करू? बघू द्या. हं. ह्या खणातल्या बऱ्याच उठल्यात. तिकडच्या मात्र गाढ आहेत.

भावजय — पीक गेलं का?

सहायक — गेलं म्हणणार नाही. सगळं हाताला लागेल असंही म्हणणार नाही. जी चढलीय ती पाल्यासकट अलगद उचला आणि पलीकडच्या रिकाम्या खणांत न्या. जी खाली झोपलीय तिला हात लावू नका, नुसता वरचा पाला काढा आणि पुन्हा चुना टाका. म्हणजे दोन तुकड्या होतील. पुढे दोघींचं खाणं वेगळं, वेळा वेगळ्या. आता त्यांचं मोठं खाणं सुरू होणार, रात्री-अपरात्री उठायला लागेल. एका माणसाला झेपायचं नाही, ताई.

नणंद — मी आहे ना.

सहायक — आहात म्हणूनच सांगतोय. आणि एक बघा, मागची तुकडी रेंगाळली तर शेड थोडी जास्त दिवस भरलेली राहील. कोण जाणे, तेवढ्यात साहेब येऊनही जातील.

भावजय — म्हणजे चुकीचा फायदा.

सहायक — आमच्या खात्यात तसंच चालतं बहुतेक. निघतो मी. चहा नको, खरंच नको. अजून दोन शेडवर जाऊन हेच तोंड दाखवायचंय, आणि तिथेही लोक सकाळपासून वाट बघत बसलेत.

भावजय — पाहणीचा दिवस ठरला की कळवा.

सहायक — मी असलो कामावर तर मीच येईन सांगायला. येतो.

नणंद — गेला बिचारा. तोंड किती उतरलंय त्याचं. बायकोने सकाळी डबा दिला असेल, तो तसाच असेल पिशवीत.

भावजय — वन्सं, फांदी दोन्ही टोकांना धरा. अशी. वर उचला, हलवू नका. आता इकडे ठेवा.

नणंद — अशी?

भावजय — हं. पुढची.

नणंद — धाकट्याचा फोन यायचा असेल ना आता?

भावजय — येईल. आज मॅनेजरला सांगायचंय त्यांना, गोदामात राहतो की जातो ते. दुसरा राखणदार तयार ठेवलाय मॅनेजरने. पाहणी झाली की नोकरी सोडून यायचं, असंच ठरलं होतं आमचं.

नणंद — आणि नाही झाली तर?

भावजय — तर राहायचं तिथेच. निदान घरात काहीतरी येत राहील. वर्ष झालं, दर वेळी हेच ठरतं. आधी झाडं लागली की येतो म्हणाले. मग शेड उभी राहिली की येतो. मग पाहणी झाली की. मी एकटी पाला कापते, एकटी वाहते, एकटी शेड धुते. तुम्ही आल्यापासून स्वयंपाकाचं बघता, ते खोटं नाही म्हणत मी.

नणंद — म्हण की. आज वर कामही वाढवलं.

भावजय — वन्सं, एक खरं सांगाल?

नणंद — विचार.

भावजय — ते यायला हवेत का तुम्हाला?

नणंद — हे काय विचारणं झालं?

भावजय — विचारलं खरं.

नणंद — म्हणजे पाला मी मुद्दाम टाकला, असं वाटतं तुला?

भावजय — नाही वाटत. तोंडातून गेलं. राहू द्या.

नणंद — राहू द्या कशाला? गेलं ते गेलं, आता ऐकून घे. पाला मुद्दाम नाही टाकला. माझ्या हातून अन्नाची माती झाली, याचं वाईट मला किती वाटतंय ते माझं मला ठाऊक. पण धाकटा येणार म्हणाल्यापासून माझा डोळ्याला डोळा नाही, हेही खरं. खोली एक. तो नाही म्हणून माझी वळकटी तुझ्या शेजारी पडते. तो आला की मी कुठे पडू? वसतिगृहाला टाळं लागलं तेव्हा थोरल्याने विचारलं नाही, भाच्यांनी विचारलं नाही. तू बोलावलंस, कारण तू एकटी होतीस. तू एकटी राहिली नाहीस, की मी कशाला लागते?

भावजय — असं मी कधी म्हणाले?

नणंद — तू नाही म्हणालीस. मीच म्हणते, रोज, मनातल्या मनात. भाऊ आहे माझा. त्याला आईमागे मी वाढवलाय. तो घरी यावा असं नाही का वाटणार मला? वाटतं. आणि येऊ नये असंही वाटतं. दोन्ही वाटतं, आणि दोन्हीची लाज वाटते. झालं समाधान?

भावजय — रडू नका. खाली अळ्या आहेत.

नणंद — रडत नाही. चुना गेला डोळ्यात.

भावजय — पदर ओला करून पुसा. चोळू नका.

नणंद — तू जा, फोन वाजतोय तुझा. खिडकीशी जा, तिथे ऐकू येतं. आणि सांग त्याला सरळ. पाला मी टाकला, पीक निम्मं आलं तर माझ्यामुळे. माझी काळजी करू नकोस, मला कुणी बोललेलं चालतं.

(भावजय फोन कानाला लावून खिडकीशी उभी राहते. पलीकडचा आवाज ऐकू येत नाही.)

भावजय — हं, बोला. जेवलात का? … आम्ही बसू आता. … हो, आले होते. … आत्ताच गेले. … सगळं बघितलं. शेड बघितली, झाडं बघितली. … झोपल्यात ना अळ्या, म्हणून सगळं शांत आहे. … हो, त्यांना कळतं ते. … मंजुरीचं होईल म्हणाले. … आवाजाला काही नाही झालं. फाट्यावर उभी होते, धूळ गेली घशात. … अहो, होईल म्हणाले ना. आता मागे-पुढे करू नका. सांगून टाका मॅनेजरला. आत्ताच सांगा, तो घरी जायच्या आत. … हं. … हं. आणि ऐका, येताना एक घडीची खाट घेऊन या. … वन्संना. किती दिवस जमिनीवर पडणार त्या? गुडघे धरतात त्यांचे. … पुढच्या पडवीला ताडपत्री लावू, पावसाचं पाणी यायचं नाही. … राहणार का म्हणजे? राहणारच आहेत. त्यांच्यावाचून माझं पान हलत नाही इथे. … बरं. ठेवते. सांगा हं त्याला, विसरू नका.

नणंद — खोटं बोललीस.

भावजय — हो.

नणंद — इतकं सरळ? मी आजवर तुझ्या तोंडून खोटं ऐकलं नव्हतं.

भावजय — मीही नव्हतं ऐकलं. ती फांदी धरा, सुटतेय.

नणंद — अगं, पण नोकरी सोडून येईल तो. उद्या ह्या दारात उभा राहील. मंजुरी नाही, पाहणी नाही, पीक निम्मं. कळेलच ना त्याला.

भावजय — कळेल. पहिल्याच दिवशी कळेल.

नणंद — आणि साहेब पुढेही आलेच नाहीत तर? खायचं काय तिघांनी?

भावजय — ते नाही ठाऊक मला. हे पीक काढू, मग पुढचं बघू. पाहणी होऊन ते येतील म्हणून थांबले, तर म्हातारी होईन मी इथे वाट बघत. दमले मी, वन्सं. कामाला नाही दमले. एकटीने सगळं ठरवायला दमले.

नणंद — चिडेल गं तो. लहानपणापासून डोकं गरम आहे त्याचं. खोटं बोलून बोलावलंस म्हणून आठ-आठ दिवस बोलणार नाही तुझ्याशी.

भावजय — नाही बोलले तर नाही. इथे राहून नाही बोलणार ना? तेवढं पुरे मला.